काठातली वाट

माझ्या धाकट्या बहिणीला दुसऱ्या कुणाच्या घरात दिसेल अशी एकही वस्तू स्वतःच्या घरात चालत नाही. दुकानात एकासारखे एक मांडलेले दिवे पाहिले की तिला मळमळतं, असं ती म्हणते. उपाशीपोटी गल्लीबोळ पालथे घातल्यावर दुसरं काय होणार, असं मी म्हणते. सुट्टी आली की ही बाई सकाळीच पिशवी घेऊन बाहेर पडते आणि हाताने काहीतरी घडवणारी एकांडी माणसं हुडकत फिरते. कुणी गॅरेजमध्ये बसलेलं असतं, कुणी गच्चीवर, कुणी जिन्याखाली. तिच्या दिवाणखान्यातला दिवा फुटक्या आरशांच्या तुकड्यांचा आहे आणि तो करणारा एरवी बस चालवतो. कपाटाच्या मुठी एका दातांच्या डॉक्टरने लाकडात कोरल्यात, आणि त्या दाढांसारख्या दिसतात हे माझ्याशिवाय कुणी बोलून दाखवत नाही. कोपऱ्यात कागदाच्या लगद्याचं घुबड आहे. त्या घरात बसताना मी आधी खाली बघून घेते, उगाच कुणाची कलाकृती बुडाखाली जायला नको.

तिचं हे वेड अण्णांकडून आलंय. अण्णा म्हणजे आमचे वडील. ते रफूगार होते. जळलेला, उंदराने कुरतडलेला, खिळ्याला अडकून फाटलेला कपडा लोक त्यांच्याकडे आणायचे, आणि अण्णा त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढून भोक असं भरायचे की मालकालाही जागा सापडू नये. दिसतो तो रफू नव्हे, ते ठिगळ, असं त्यांचं म्हणणं. आम्हा दोघींच्या हातात त्यांनी सुई दिली. माझा हात बघून मला लवकरच बटणं लावायला बसवलं, आणि आज मी एका लाँड्रीत काउंटरवर बसते ती त्यांच्या त्या शहाणपणामुळेच. धाकटीने मात्र सगळी विद्या उचलली. अण्णांचं दुकान आता तीच चालवत होती.

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून अण्णा तिच्याकडे राहायला गेले. उजवी बाजू गेली, वाचा तेवढी शाबूत राहिली. पुढे हृदयानेही कुरकुर सुरू केली आणि डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं की आता फार दिवस नाहीत, त्रास होणार नाही एवढं बघा. अण्णांनी ते आमच्या तोंडावरच वाचलं. झालं की सगळं करून, आता निघायला हरकत नाही, असं ते शेजारच्या गावाला जायचं असल्यासारखं म्हणाले. मला रडू आलं, पण धीरही आला. धाकटीला काहीच आलं नाही. दुसऱ्या दिवशी ती अण्णांच्या पलंगासमोरच्या रिकाम्या भिंतीसाठी काहीतरी शोधायला निघून गेली. बाप मरणाच्या दारात आणि हिला भिंत सजवायची आहे, म्हणून मला तिचा असा राग आला की विचारू नका.

लाकडाच्या वखारींच्या मागे एका माळ्यावर तिला एक विणकर बाई सापडली. ही बाई पूर्वी चित्रं काढायची. मग तिने ब्रश ठेवून दिले आणि मागावर बसली. ती भिंतीवर लावायचे गालिचे विणते, पण नमुना दाखवत नाही आणि आधीपासून तयार काही ठेवत नाही. ज्या खोलीत गालिचा लागायचा, त्या खोलीत ती आधी येऊन बसते. आमच्याकडेही आली. अण्णांच्या पायाशी स्टूल ओढून बसली ती बसलीच. चहा घेतला नाही, गप्पा मारल्या नाहीत. भिंत, खिडकीतून येणारं दुपारचं ऊन, औषधाच्या बाटल्या, अण्णांची हिरवी शाल, शालीखाली वर-खाली होणारी त्यांची छाती, एकेक करून सगळ्यावर तिची नजर फिरत होती. ही माप घेतेय की जीव, असं मी धाकटीच्या कानात म्हटलं, आणि म्हटल्यावर माझं मलाच ते आवडलं नाही.

गालिचा आला तेव्हा मात्र माझी बोलती बंद झाली. त्यात चित्र असं काही नव्हतं, नुसते रंगांचे पट्टे होते. पण दोन पावलं मागे सरकून बघितलं की ती खोलीच होती. ऊन कुठे पडतं, सावली कुठे जमते, बाटल्यांचा तपकिरी, शालीचा हिरवा, सगळं जिथल्या तिथे. भोवतीने गडद निळा काठ. उजवीकडे अगदी खालच्या कोपऱ्यात तो काठ तुटला होता, आणि आतला हिरवा रंग सुतळीएवढ्या फटीतून सरळ कडेपर्यंत बाहेर गेला होता. धाकटीने लगेच तिथे बोट ठेवलं.

"तेवढं उघडं राहू द्या," विणकर बाई म्हणाली. "मी अख्खी खोली आत ओढून घेते. आत आलेल्याला बाहेर जायला वाट लागते."

धाकटीने मान डोलावली. कलाकारांच्या अशा तऱ्हा तिच्या सवयीच्या होत्या. बस चालवणारा तो दिवेवाला म्हणे दिवा देताना डोळे मिटून घ्यायला लावतो. गालिचा भिंतीवर लागला. अण्णांनी तो बराच वेळ न्याहाळला आणि मागून पाहायला मिळाला असता तर बरं झालं असतं म्हणाले. कापडाची उलटी बाजू बघितल्याशिवाय त्यांचं समाधान व्हायचं नाही.

आता मला सांगा, रफूगाराच्या पोरीसमोर तुटलेला काठ टांगायचा आणि हात लावू नकोस म्हणायचं, हे कसं जमावं. दिवसभर त्या भिंतीसमोर बसून अण्णांना भरवायचं, पुसायचं, औषध द्यायचं, आणि नजर सारखी त्या कोपऱ्याकडे. माझेसुद्धा हात शिवशिवायचे, आणि मी तर बटणवाली. एका दुपारी अण्णांचा डोळा लागलेला असताना तिने गालिच्याच्या पाठीमागे लोंबणारा एक लांब निळा धागा ओढून घेतला आणि फट भरून टाकली. मी पोचले तेव्हा ती सुई डबीत ठेवत होती. मी जवळ जाऊन पाहिलं. कोपरा नुसता निळा होता. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा निवळला होता, आणि खरं सांगायचं तर मलाही तो काठ आता नीटनेटका वाटला.

आधी लक्षात आला तो वास. फरशी फिनेलने पुसली तर तो वास जाईचना. खिडकी उघडी, पंखा चालू, तरी कालच्या वासावर आजचा वास बसत गेला. मग एका दुपारी मी चपला काढून खोलीत पाऊल टाकलं, तर कपाटापाशी कुणीतरी हळूच म्हणालं, "पंखा कमी कर गं, अण्णांना गार लागतंय."

आवाज माझा होता. हे मी आदल्या दिवशी, त्याच कपाटापाशी उभी राहून बोलले होते. धाकटी अण्णांची उशी सारखी करत होती, ती मागे वळूनही न बघता म्हणाली की सकाळपासून चाललंय हे. नळ गळतोय हे सांगावं तसं तिने सांगितलं.

त्या खोलीत माणसांची, भांड्यांची, कपड्यांची ये-जा नेहमीसारखी चालू होती. ज्याला अंग नाही ते मात्र बाहेर पडत नव्हतं. चमचा वाटीवर आपटल्याचा आवाज राहिला. धाकटीने फोनवर गिऱ्हाइकाला "उद्या या" म्हटलेलं राहिलं. डॉक्टर आले, नाडी चाचपली, अण्णांच्या उघड्या डोळ्यांकडे बघितलं आणि "हं" म्हणून निघून गेले. तो हं पलंगाखाली राहिला आणि केर काढायला वाकलं की ऐकू यायचा. पहिल्यांदा आम्ही दोघी तोंडात ओढणी कोंबून हसलो. संध्याकाळी आमचंच ते दबलेलं हसणं भिंतीपाशी ऐकलं, आणि पुन्हा त्या खोलीत हसायची आमची छाती झाली नाही.

अण्णा गेले नाहीत. डॉक्टरांनी बोलून दाखवलेली मुदत केव्हाच उलटली. अन्न सुटलं, पाणी ओठ ओले करण्यापुरतं उरलं, हातपाय गार पडले, नाडी सापडेना. तरी डोळे उघडे होते आणि शुद्ध पूर्ण होती. एकदा धाकटी स्वयंपाकघरात असताना मी त्यांना विचारलं की फार दुखतंय का.

"कालचं दुखणं गेलं नाही गं," ते म्हणाले. "परवाचंही इथेच आहे. त्यावर आजचं. दार कुणी लावलंय का?"

दार सताड उघडं होतं. मी उठले, धाकटीला दंडाला धरून जिन्यात नेलं आणि तो काठ आत्ताच्या आत्ता उसव म्हणून सांगितलं. भांडायला आम्ही जिन्यातच गेलो, ते शब्द खोलीत राहायला नकोत म्हणून. ती म्हणाली, तू तासाभरासाठी येतेस आणि जातेस, तुला सोपं आहे. मी म्हटलं, अगं तू बापाला रफू करून ठेवलंयस. तिने ते नाकारलं नाही. तेव्हा मला कळलं की तिलाही हे माझ्याआधीपासून ठाऊक होतं.

"मग आहेत ना ते?" ती म्हणाली. "असू देत की. मी अजून तयार नाही, ताई."

माझं डोकं फिरलं. मी तरातरा आत गेले, गालिचा भिंतीवरून काढला आणि गुंडाळायला लागले. पहिलीच घडी पडली आणि खोलीतले सगळे आवाज तोंडावर उशी दाबल्यासारखे बसले. भर दुपारच्या उन्हात अण्णा ओरडले की अंधार का केला, आणि त्यांचा श्वास आत गेला तो बाहेर येईना. ओठ निळे पडले. मी घाईघाईने गालिचा पुन्हा टांगला, तेव्हा कुठे तो श्वास सुटला.

मी वखारींमागच्या माळ्यावर गेले. विणकर बाई मागावर होती. तिथे भिंती उघड्या, एक चटई, खिडकीत सुकत घातलेल्या लोकरीच्या लडी, आणि मागावर कुणाच्या तरी स्वयंपाकघराचा पिवळा रंग अर्धा विणून झालेला. मी सांगत गेले तसा तिचा हात मंदावला आणि थांबला. ती रागावली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. मी विचारलं की सरळ कात्री चालवली तर.

"कापलं तर भोक होईल, वाट नाही होणार," ती म्हणाली. "भोकातून जे जाईल ते फाटत जाईल. जिने भरलं, तिचाच धागा अख्खा निघायला हवा. मला मी विणलेले धागे कळतात. तो मी विणलेला नाही."

मी हे जसंच्या तसं धाकटीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि ती भांडी घासत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लाँड्रीत चादरींवर चिठ्ठ्या टाचत होते आणि समोर गिऱ्हाइकांच्या रांगेत धाकटी उभी. पायांत दोन वेगवेगळ्या चपला. ती म्हणाली, मी अण्णांचं अंग पुसत होते. त्यांचं तोंड मिटलेलं होतं. आणि ते खोलीभर कण्हत होते, प्रत्येक कोपऱ्यातून, इतक्या दिवसांचं सगळं एकदम. हे सांगताना ती रडत नव्हती, पण काउंटरची कड तिने अशी धरली होती की बोटं पांढरी झाली होती. चल, एवढंच ती शेवटी म्हणाली. मी चादरी तशाच टाकून निघाले.

तिने भिंग घेतलं, मी दिवा धरला. कोपरा तर माहीत होता, हाताच्या पंजात मावेल एवढाच. पण त्या निळ्यात रफूची सुरुवात नाही आणि शेवट नाही. तिने नखाने दाबून पाहिलं, उलट्या बाजूने पाहिलं, गाल टेकवून उजेडात तिरकं पाहिलं. धाग्याची टोकं तिने स्वतःच अशी जिरवली होती की आता तिलाच सापडत नव्हती. पुन्हा पुन्हा तिथेच बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"जागाच नाही, ताई," ती कुजबुजली. "मी इतकं चांगलं काम आयुष्यात कधी केलं नव्हतं."

मी म्हटलं, अंदाजाने ओढ एखादा. तिने माझं मनगट घट्ट धरलं. चुकीचा धागा निघाला तर काठ उसवणार, आणि मग ते भोकच. आम्ही दोघी फरशीवर बसून राहिलो. आमच्याभोवती अण्णांचं कण्हणं चाललं होतं, आणि पलंगावर अण्णांचं तोंड मिटलेलं.

"इकडे आणा," अण्णा म्हणाले.

आम्ही त्यांना काठाबद्दल चकार शब्द सांगितला नव्हता. पण त्या खोलीत आम्ही इतके दिवस जे जे कुजबुजलो होतो ते खोलीतच होतं, आणि अण्णा दिवसरात्र तिथे पडून ते ऐकत होते. त्यांच्यापासून आम्ही काय लपवणार होतो, कपाळ.

या वेळी आम्ही गालिचा गुंडाळला नाही. दोघींनी दोन टोकांना धरून तो उतरवला आणि त्यांच्या अंगावर गोधडीसारखा पसरला, कोपरा डाव्या हाताशी येईल असा. उजव्या हाताने त्यांनी जन्मभर काम केलं होतं, आणि तो हात आता नुसता पडून होता. त्यांनी डोळे मिटले. डाव्या हाताची बोटं काठावर चालायला लागली, अडखळत, चुकत. कोपऱ्यावरून पुढे गेली. बोटं परत आली आणि थांबली.

"तुझा टाका डावीकडे कलतो," ते धाकटीला म्हणाले. "कितीदा सांगितलं."

त्यांनी नख खाली सरकवलं आणि एक धागा केसभर वर उचलला. धाकटीने चिमटीत धरला. मी दिवा खाली ठेवला.

"ओढ," अण्णा म्हणाले.

ती ओढेना. चिमूट तशीच होती आणि तिचे खांदे हलत होते. माझ्या स्वभावाप्रमाणे मी तो धागा तिच्या हातातून हिसकावून घेतला असता. पण त्या दिवशी मी माझे दोन्ही हात मांडीखाली घालून बसले.

"अण्णा, मला भीती वाटते," ती म्हणाली.

"मलाही वाटते थोडी," अण्णा म्हणाले. "ओढ, बाळा."

तिने ओढला. धागा एकसंध निघत गेला, लांबच लांब, आणि निळ्याखालची हिरवी रेघ हळूहळू कडेपर्यंत उघडी पडली. आधी फिनेलचा वास गेला. मग वाटीवर आपटलेला चमचा आमच्या कानांजवळून दाराकडे गेला. "उद्या या" गेलं. पलंगाखालून डॉक्टरांचा हं निघाला आणि गेला. पंखा कमी कर गं, असं म्हणत माझाच आवाज मला वळसा घालून गेला. आमचं हसणं गेलं. त्यामागून कण्हणं निघालं, आजचं, कालचं, परवाचं, एकामागून एक, आणि एकेक दाराबाहेर पडेल तसतसा अण्णांचा चेहरा सैल होत गेला. सगळ्यात शेवटी खोली अशी शांत झाली की खालच्या रस्त्यावरची सायकलची घंटी ऐकू आली.

अण्णांचा हात गालिच्यावर होता. गालिचा हलत नव्हता.

मग जिन्यात पावलं वाजली. दोन्ही पावलं सारख्या वजनाची, उजवं आणि डावं, घाई नाही, दुकान उघडायला निघाल्यासारखी. आम्ही दोघींनी ऐकली. उठून बघायला दोघींपैकी कुणीच गेलं नाही. पहिला मजला उतरून झाला, वळण आलं. धाकटीच्या बोटांना निळा धागा गुंडाळलेला होता. ती दाराकडे तोंड करून, एरवी बोलते तितक्याच आवाजात म्हणाली,

"सावकाश, अण्णा."

आम्ही वाट बघितली. तो शब्द खोलीत राहिला नाही.